दवाखान्याच्या रिसेप्शनवर लागणारं रोजचं इंग्रजी कसं शिकावं? सल्ला हवा

मोगरा
नमस्कार. मी लालबागला राहते, वय 43, शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमात. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. राज्यात ते पहिलीपासून 2000 साली सुरू झालं, तोवर माझी दहावी होऊन गेली होती.

दोन महिन्यांपासून वांद्र्याच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. वाचता येतं, फॉर्म भरता येतात. पण समोरचं माणूस भरभर बोलायला लागलं की माझी जीभ टाळूला चिकटते. मागच्या आठवड्यात एका बाईंना मी पाठ केलेलं वाक्य विचारलं, "डू यू माइंड वेटिंग?" त्या हसून "नो" म्हणाल्या. मला वाटलं, त्यांना थांबायचं नाही. मी त्यांचा नंबर दुसऱ्या दिवसावर टाकला. त्या मात्र अर्धा तास शांतपणे बसून राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

रोज 10 शब्द वहीत लिहून पाठ करते, पण आठवड्यानंतर त्यातले पाच-सहाच आठवतात. क्लास लावू का? ॲप घेऊ? लोअर परळ ते वांद्रे लोकलचा वेळ तेवढा हाताशी असतो.

पाटीपेन्सिल
मोगराताई, मी निवृत्त शिक्षिका आहे. मराठी शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. आधी त्या "नो"बद्दल. "डू यू माइंड"चा अर्थ "तुमची काही हरकत आहे का?" असा होतो. म्हणून "नो" म्हणजे "हरकत नाही, थांबते". आपल्याकडे "थांबता का?" असं विचारतात आणि उत्तर "हो" येतं, त्यामुळे हा घोटाळा अगदी साहजिक आहे. सध्या ते वाक्य बाजूला ठेवा. "कुड यू प्लीज वेट फॉर टेन मिनिट्स?" विचारलंत की "येस" म्हणजे होच.

आता वहीबद्दल. सुटे शब्द लिहू नका, अख्खी वाक्यं लिहा. कारण सांगते. मराठीत आपण दार लावतो, दिवा लावतो, कुकर लावतो, झाड लावतो, चष्मा लावतो, फोनही लावतो. इंग्रजीत यांतल्या बहुतेकांना वेगळं क्रियापद आहे: शट द डोअर, टर्न ऑन द लाइट, पुट द कुकर ऑन, प्लांट अ ट्री, पुट ऑन युअर ग्लासेस, मेक अ कॉल. "लावणे म्हणजे काय?" असा प्रश्न वहीत लिहिला तर त्याला एक उत्तर मिळणारच नाही. मुलं "क्लोज द फॅन" लिहायची ती याचमुळे. दार बंद आणि पंखाही बंद, म्हणून दोन्हीकडे "क्लोज". पंख्याला "टर्न ऑफ" लागतं.

तसंच "मला सांगितलं" यातल्या "ला"मुळे आपल्या तोंडून "टोल्ड टू मी" निघतं. "टेल"ला "टू" लागत नाही, "से"ला लागतो. "ही टोल्ड मी", पण "ही सेड टू मी". आणि तुम्ही वर "दोन महिन्यांपासून बसते" लिहिलंत ना, ते इंग्रजीत "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू मंथ्स" होत नाही. "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू मंथ्स." किती काळ ते सांगताना "फॉर", कधीपासून ते सांगताना "सिन्स": सिन्स मंडे, सिन्स जून. हे मी पोरांकडून शंभरदा घोटून घेतलं आहे. तुम्हीही मोठ्याने म्हणा.

चाळकरी
क्लासबद्दल माझा अनुभव. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. एका वर्गात चाळीस जण, फळ्यावर काळांचे तक्ते. अख्ख्या तीन महिन्यांत मला उभं राहून बोलायची पाळी चारदा आली. पैसे भरण्याआधी एक तास फुकट बसू देतात का विचारा, आणि त्या तासात शिकणारे किती वेळ बोलतात ते घड्याळ लावून बघा.

सातची_धीमी
मला मात्र क्लासचा उपयोग झाला, तोही सरांपेक्षा तिथे भेटलेल्या मैत्रिणीमुळे. आम्ही दोघी अजूनही रोज दहा मिनिटं फोनवर फक्त इंग्रजीत बोलतो. ताई, अशी कुणी शोधाच.

आणि गाडीत कान उघडे ठेवा. पुढच्या स्टेशनची घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तिन्ही भाषांत होते. मराठी ऐकलं की इंग्रजी आपण मनात आधी म्हणायचं, मग गाडी काय म्हणते ते ऐकायचं. मोबाइलवर बीबीसी लर्निंग इंग्लिशचा सहा मिनिटांचा कार्यक्रम फुकट मिळतो, लिहिलेला मजकूरही सोबत असतो. आधी न वाचता ऐका, मग वाचून ऐका. प्रभादेवी गेलं की सुरू करा, वांद्र्याआधी एकदा ऐकून होतो.

पांढरी_टोपी
मी नर्स आहे, म्हणून दवाखान्यातलं सांगते. पेशंट काय होतंय ते सांगतो, ते कळणं सगळ्यात महत्त्वाचं. "मला ताप आहे" हे "आय हॅव अ फीव्हर". डोकं, दात, पोट, कान, पाठ यांना "एक" (ache, म्हणजे दुखणं) जोडतात: हेडेक, टूथेक, स्टमकेक. पण "लेगेक" म्हणत नाहीत, तिथे "माय लेग हर्ट्स". चक्कर येते म्हणजे "आय फील डिझी". घसा बसला की "आय हॅव लॉस्ट माय व्हॉइस", आवाजच हरवला म्हणतात. पायाला मुंग्या आल्या की "पिन्स अँड नीडल्स". आपल्याला मुंग्या चावतात, त्यांना टाचण्या टोचतात! हे मी एकदा ऐकलं ते कायमचं लक्षात राहिलं. आणि कुणी फोनवर "आय ॲम रनिंग लेट" म्हणालं तर धावत येत नाहीये, उशीर होतोय एवढंच.

एक वाक्य सगळ्यात आधी पक्कं करा: "सॉरी, कुड यू से दॅट अगेन, अ बिट मोर स्लोली?" यात कमीपणा अजिबात नाही. औषधाचं किंवा पेशंटचं नाव चुकीचं ऐकण्यापेक्षा दहादा विचारलेलं बरं. नावासाठी "हाउ डू यू स्पेल दॅट?"

मोगरा
सगळ्यांचे मनापासून आभार. आज दिवसभरात माझ्या टेबलावर येणारी वाक्यं मोजली. फिरून फिरून तीच वीस-बावीस आहेत. इतके दिवस मी भलतेच शब्द पाठ करत होते. आजपासून नवी वही, त्यात फक्त ही वाक्यं. शेजारच्या लॅबमधली मुलगी रोज दहा मिनिटं माझ्याशी इंग्रजीत बोलायला तयार झाली आहे.

पाटीपेन्सिल बाई, एकच अडलंय. "तुमचा नंबर आला, आत जा" हे कसं सांगू? मी "युअर नंबर केम, गो इनसाइड" म्हणते.

पाटीपेन्सिल
समजतं ते, पण "गो" जरा हुकूम सोडल्यासारखं लागतं. असं म्हणा: "द डॉक्टर विल सी यू नाउ." आणि हाताने दार दाखवा.