अनुदानाच्या अर्जात सांभाळणाऱ्यांना कुठे दाखवायचं?

प्रश्न: स्मृतिभ्रंश झालेल्यांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी आमची छोटी संस्था आहे. अर्ज परत आला, शेरा एकच: 'लाभार्थी रुग्ण की नातेवाईक?' आईला रात्रीतून चारदा उठून पुन्हा झोपवणाऱ्या मुलीला मी कुठल्या रकान्यात बसवू?

उत्तर: ताई, लाभार्थी ती मुलगीच, ठामपणे लिहा. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९चा आकडा जोडा: डिमेन्शियाच्या जागतिक खर्चातला सुमारे निम्मा भार घरच्यांच्या बिनपगारी सेवेचा, रोज सरासरी ५ तास. आणि 'आधार देऊ' नको. 'आठवड्याला ३ तास बदली माणूस' असं मोजता येईल ते लिहा.

प्रश्नकर्ती: बदली माणसाचा प्रवासखर्च धरलाच नव्हता! आज रात्रीच अंदाजपत्रक बदलते.

दुसरं उत्तर: समन्वयकाचं मानधनही धरा. आम्ही संकोचानं वगळलं, वर्षभरात काम बंद पडलं.