तंबोऱ्यावरच्या सह्या: जपायच्या की वाजवून झिजू द्यायच्या?

खर्जातला_सा:
आमच्या संगीत वर्गात मिरजेचा एक जुना तंबोरा आहे. वर्गाच्या बाईंनी वर्गात येऊन गेलेल्या कलाकारांच्या सह्या त्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी फळीवर, घेतल्या होत्या. बहुतेक काळ्या मार्करच्या, दोन-तीन बॉलपेनच्या. त्यातले निम्मे कलाकार आज हयात नाहीत, बाईही नाहीत. आता जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा झंकार, गेली आहे, भोपळा आणि तबलीच्या सांध्याला चीर आहे, पॉलिश उडालं आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, घासून नवं पॉलिश करतो, पण सह्या जातील. वर्गात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, काचेच्या कपाटात ठेवा.

माझं मत सरळ आहे. सह्यांचे फोटो काढा, तंबोरा घासा आणि मुलांच्या हातात द्या. न वाजणारा तंबोरा म्हणजे नुसतं लाकूड आणि भोपळा. बाईंनी तो गाण्यासाठी घेतला होता, भिंतीला शोभा म्हणून नाही.

गवसणी:
साफ चूक. तंबोरा मिरजेत आजही नवा मिळतो. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. गेलेल्या माणसाची सही कुठे मिळणार? वर्गासाठी दुसरा घ्या, पैसे कमी पडले तर वर्गणी काढा. आणि फोटोचं म्हणाल तर फोटो म्हणजे सही नव्हे. शाईचा दाब, घाईत ओढलेली रेघ, मार्कर सुकत आला म्हणून दोनदा गिरवलेलं अक्षर, हे फोटोत येत नाही.

लाखचपडा:
दोघंही थांबा जरा. मला आधी हे कळत नाही की जवारीसाठी पॉलिश कशाला? जवारी काढायची म्हणजे घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा घासून तारेखालचा उतार पुन्हा जमवायचा. घोडी उचलून बाहेर घेता येते, तबलीला कानस लागतसुद्धा नाही. सांध्याची चीरही कडेला असते. तेवढ्या पट्टीत सरस भरून, तेवढंच पॉलिश जुळवता येतं. सगळं घासणं हे दुरुस्तीचं काम नाही, चकाकीचं आहे. गिऱ्हाईकाला वाद्य नव्यासारखं दिसलेलं आवडतं, म्हणून कारागीर आपणहून सुचवतात. त्यांचा दोष नाही. पण 'फक्त जवारी आणि सांधा' असं स्पष्ट सांगा.

आणि कुणी 'सह्यांवरून पॉलिशचा हात मारा, सील होतील' म्हणालं तर वाद्य घेऊन परत या. आपलं पारंपरिक पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाख. परमनंट मार्करची शाई स्पिरिटमध्ये विरघळते, बॉलपेनचीही. ओला बोळा एकदा फिरला की सहीचा निळा-काळा ढग होतो. परमनंट हे नाव पाण्यापुरतं आहे.

सहा_तारा:
गिटारवाल्यांचा हा रोजचा घोळ. म्हणून आमच्यातले शहाणे सही थेट बॉडीवर घेत नाहीत, पिकगार्डवर, म्हणजे बॉडीला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेल्या पट्टीवर, घेतात. चार स्क्रू काढले की सही फ्रेममध्ये, नवं पिकगार्ड गिटारवर. तंबोऱ्यात असा सुटा भाग नाही हीच अडचण.

धा_तिरकिट:
तबल्यात आहे की! पुडीवर सही घ्या, पुडी बदलायची वेळ आली की जुनी उतरवून ठेवा. पण खरं सांगू? सही असलेली पुडी लोक चढवतच नाहीत. मग ती सही वाद्यावर कसली, चामड्याच्या चकतीवर!

खर्जातला_सा:
@लाखचपडा, हे उत्तम सांगितलंत, दुरुस्तीवाल्याला विचारतो. पण माझा मुद्दा तिथेच आहे. सह्या राहिल्या की त्या तंबोऱ्याला कुणी हात लावत नाही. नवीन मुलगी तंबोरा घ्यायला गेली की चार जण ओरडतात, 'तो नको, तो सह्यांचा!' सह्या म्हणजे वाद्यावर चिकटवलेली 'हात लावू नये' ची पाटी झाली आहे.

गवसणी:
मग ओरडणाऱ्यांना गप्प करा. सह्यांना शिक्षा कशाला?

आजीचा_नातू:
मुळात वाद्यावर सही मागणंच मला खटकतं. आपण तंबोऱ्याला पाय लागला तर नमस्कार करतो आणि त्याच्याच तबलीवर मार्कर चालवतो? कागद होता ना.

लाखचपडा:
ते खरं असेल, पण सह्या झाल्यात, आता काय करायचं ते बोला.

@गवसणी, काचेचं कपाट म्हणजे जपणूक असंही समजू नका. मार्करच्या काळ्या शाईत बहुधा रंगद्रव्य नसतं, डाय असतो, आणि तो उजेडात उडतो. खिडकीसमोरच्या कपाटात सही आधी तपकिरी, मग फिकट होत जाते. वर ताणलेल्या तारा महिनोन्महिने तशाच राहिल्या तर तबली आणि दांडी तो ताण सोसत बसतात. कपाटात ठेवायचाच असेल तर तारा उतरवून, अंधाऱ्या बाजूला.

आणि सगळ्यात जास्त सह्या पुसते ती तुमच्या नावाची वस्तू, गवसणी. जाड खादीची गवसणी, म्हणजे वाद्याची कापडी खोळ, तबलीवरून रोज सरकते. आतून उलटी करून बघा, सह्यांच्या जागी काळसर पट्टा दिसेल.

गवसणी:
नाव बदलावं लागणार बहुतेक.
पण मुद्दा सोडत नाही. वाजवायचाच असेल तर रोजच्या रियाजाला नको. गुरुपौर्णिमेला, बाईंच्या स्मृतिदिनाला काढा. आणि त्याआधी प्रत्येक सही कुणाची, कधी घेतली, हे आठवणारी माणसं आहेत तोवर लिहून घ्या. अर्ध्या सह्या वाचता येत नसणार, पैज लावते.

खर्जातला_सा:
पैज जिंकलात. दोन सह्यांवरून वर्गात आत्ताच भांडण आहे. यादी करायला घेतो.
घासायचं रद्द. जवारी आणि सांधा, एवढंच काम. पण वर्षातून दोनदा मला मान्य नाही. रोज लागणार आणि रोज वाजणार. त्यात सही पुसट झाली तर होऊ दे, गाण्याने पुसली म्हणेन.

गवसणी:
आणि मी म्हणेन, तुम्ही पुसली.

खर्जातला_सा:
चालेल. पुण्यात आतून मऊ मलमल लावून गवसणी शिवून देणारं कुणी माहीत असेल तर सांगा.