आयसीयूतल्या म्हाताऱ्या माणसावर संशोधन: सही कुणाची, निर्णय कुणाचा?

वाईकरीण

आमच्या घरात यावरून जुंपली आहे, म्हणून धागा काढतेय. चुलत सासरे, वय 81, न्यूमोनियातून सेप्सिस (जंतुसंसर्ग बळावून अवयव ढासळू लागणं), आयसीयूत. (इस्पितळाचं नाव विचारू नका.) बाहेर बाकड्यावर बसलेल्या दिरासमोर एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आला. बाबांना एका अभ्यासात घ्यायचंय, उपचाराच्या दोन पद्धती सध्या चालतात, त्यातली कोणती वापरायची ते कॉम्प्युटर ठरवेल, सही हवी. दिराने नाही म्हटलं. आता अर्धं घर म्हणतंय बरोबर केलंस, अर्धं म्हणतंय हा अडाणीपणा.

मी पहिल्या अर्ध्यात. पंचाहत्तरीच्या पुढचा माणूस शुद्धीत नसेल तर त्याला चाचणीत घेऊच नये. त्या बाकड्यावर बसलेल्या मुलाने सकाळपासून व्हेंटिलेटरसाठी सही केलेली असते, गळ्यातल्या नळीसाठी केलेली असते, 'पेशंट दगावू शकतो' याच्यावरही केलेली असते. नाही म्हटलं तर बाबांकडे दुर्लक्ष करतील ही धास्ती वेगळीच. अशा माणसाच्या सहीला तुम्ही संमती कसं म्हणता? आणि ज्याच्या अंगावर प्रयोग होणार, त्याला कुणी विचारलंच नाही.

भूल_डॉक्टर

ताई, तालुक्याच्या गावात आयसीयू चालवतो, त्यामुळे माझी बाजू कोणती ते सांगायला नको.

चाचणीत घेतलं नाही तरी आजोबांवर उपचार होणारच असतात. सेप्सिसमध्ये बीपी पडतं, ते चढवायला नॉरअॅड्रेनलिन लावतो. चढवायचं किती? आमचे एक सर म्हणायचे, म्हाताऱ्यांच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात, दाब जास्तच ठेवा. दुसरे म्हणायचे, औषधानेच बोटं काळी पडतील, आवरा. पुरावा दोघांकडेही नव्हता, आवाज मात्र दोघांचा मोठा होता. शेवटी ब्रिटनमधल्या 65 आयसीयूंनी 65 आणि त्यापुढच्या वयाच्या 2,600 रुग्णांवर हे तपासलं. चाचणीचं नावच '65 ट्रायल', 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटात सरासरी दाब (वरचा-खालचा मिळून) 60 ते 65 एवढाच ठेवला, दुसऱ्यात नेहमीप्रमाणे. 90 दिवसांत मृत्यू 41 टक्के आणि 43.8 टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, पण औषध कमी देऊन नुकसान होत नाही एवढं तरी हातात आलं.

आता उलटं उदाहरण. डोक्याला जबर मार लागला की स्टेरॉइड द्यायचं, हे जगात वर्षानुवर्षं चालू होतं. 10,008 रुग्णांची 'क्रॅश' चाचणी 2004 मध्ये आली. दोन आठवड्यांत स्टेरॉइडवाल्यांत 21.1 टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात 17.9. म्हणजे इतकी वर्षं आम्ही औषध म्हणून जे देत होतो, त्याने माणसं जास्त मरत होती. त्यांच्या नातेवाइकांकडून प्रयोगाची सही कुणी मागितली नव्हती. प्रयोग मात्र चालूच होता, फक्त हिशोब कुणी ठेवत नव्हतं.

वाईकरीण

डॉक्टर, एक गोष्ट गाळलीत. त्या 65 ट्रायलमध्ये रुग्णांना आधी चाचणीत घातलं आणि संमती नंतर घेतली. वेळ नसतो, हे कारण. माझ्या मुद्द्याला याहून चांगलं उदाहरण मलाही सापडलं नसतं.

आणि उत्तर मिळून तरी काय होतं? आपल्या आयसीएमआरने 2020 मध्ये कोविडवरच्या प्लाझ्माची 'प्लासिड' चाचणी केली. 39 रुग्णालयं, 464 रुग्ण. आजार गंभीर होणं किंवा मृत्यू, दोन्ही गटांत जवळपास सारखंच, 19 आणि 18 टक्के. हे 2020 सालीच जाहीर झालं होतं. तरी एप्रिल 2021 मध्ये आपण सगळे काय करत होतो? 'बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा, अर्जंट, पिंपरी' असले मेसेज पुढे ढकलत होतो. सरकारी मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा निघाला मे 2021 मध्ये. मग त्या 464 जणांना कामाला लावलंत कशाला?

टपरीवरचा_कटिंग

आमच्याकडे आयसीयूत बेड मिळाला तरी पेढे वाटतात. इथे चाचणीत घ्यायचं की नाही यावर भांडण. चालू द्या.

भूल_डॉक्टर

प्लाझ्माचं मान्य. तो दोष चाचणीचा नाही, ती वाचून गप्प बसलेल्यांचा. नातेवाईक चिठ्ठी मागायचे आणि डॉक्टर लिहून द्यायचे.

पण डेक्सामेथासोन बघा. किरकोळ किमतीचं जुनं स्टेरॉइड. कोविडवर ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल 16 जून 2020 ला आला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 वर. या चाचणीत वरच्या वयाची अट नव्हती, त्यामुळे ऐंशीतल्या आजींना द्यायचं का यावर आम्हाला अंदाज बांधत बसावं लागलं नाही. तिथेच हेही दिसलं की ऑक्सिजन लागत नसेल तर फायदा नाही, आकडे उलट वाईटाकडे झुकलेले. हा दुसरा भाग लोकांनी सोडून दिला. दुसऱ्या लाटेत ताप आल्या दिवसापासून घरी स्टेरॉइड घेणारे मधुमेही आणि त्यानंतरचं म्युकर (काळी बुरशी), दोन्ही पाहिलंय मी.

संमती नंतर घेण्याबद्दल: दोन्ही पद्धती आधीपासून रूढ असतील, उशीर परवडत नसेल आणि एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी असेल, बहुतेक वेळा तरच. नवं कोरं औषध असं सहसा टोचत नाही कुणी.

काळा_कोट

भावनांपेक्षा नियम बघू. नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्यांचे केंद्रीय नियम, 2019. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाईचं सूत्र आहे: 8 लाख गुणिले वयाचा गुणक गुणिले जोखमीचा गुणक, भागिले 99.37. वयाचा गुणक सोळा वर्षांपर्यंत 228.54, पासष्टीच्या पुढे 99.37. जोखमीचा गुणक धडधाकट माणसाला 4 आणि सहा महिन्यांपलीकडे जगणार नाही अशा रुग्णाला 0.5. करा गुणाकार. निरोगी सोळा वर्षांच्या पोराचे 73.60 लाख, आणि अखेरच्या आजारातल्या 81 वर्षांच्या आजोबांचे 4 लाख. महिन्याभरात मृत्यूची शक्यता 90 टक्के किंवा जास्त असेल तर सरसकट 2 लाख.

आता सांगा, कंपनीला कुणावर चाचणी करणं स्वस्त पडेल?

हिशोबनीस

वकीलसाहेब, सूत्र बरोबर, निष्कर्ष उलटा. भरपाई एवढी स्वस्त असूनही कंपन्या म्हाताऱ्यांना टाळतात. मूत्रपिंड अर्धं गेलेलं, पाच गोळ्या आधीच चालू, मध्येच वेगळ्याच कारणाने दगावण्याची शक्यता. त्यांच्या आकड्यांचा विचका होतो. म्हणून चाचणीत घेताना वयाची अट घालायची, आणि औषध बाजारात आलं की तेच म्हाताऱ्यांना खपवायचं.

ऐंशीच्या पुढे बीपीची गोळी द्यावी की नाही, यावर डॉक्टरांत कित्येक वर्षं दोन तट होते. 'हायव्हेट' चाचणीने फक्त ऐंशी आणि पुढचे असे 3,845 जण घेतले. गोळीवाल्यांत मृत्यू 21 टक्क्यांनी कमी, चाचणी 2007 मध्ये वेळेआधी थांबवावी लागली. वाईकरीणताईंची अट तिथे लावली असती तर आजही 'या वयात कशाला गोळ्या' चालू असतं. (ते रुग्ण शुद्धीवर होते, ठाऊक आहे. वयाच्या अटीबद्दल बोलतोय.)

आणि सगळ्यात अवघड प्रश्न, म्हाताऱ्यांना आयसीयूत न्यावं का, हासुद्धा फ्रान्सने तपासला. 'आइस-कब 2', 24 रुग्णालयं, 75 आणि पुढचे 3,037 जण. निम्म्या रुग्णालयांनी अशा रुग्णांना होता होईल तो आयसीयूत घ्यायचं, बाकीच्यांनी नेहमीसारखं ठरवायचं. आयसीयूत गेले 61 टक्के आणि 34 टक्के. सहा महिन्यांनी मृत्यू 45 आणि 39 टक्के. आजाराच्या तीव्रतेचा हिशोब धरला तर फरक उरत नाही. म्हणजे जास्त जण आत नेले, पण जास्त जण वाचले नाहीत.

टपरीवरचा_कटिंग

झालं. आता विमा कंपनीच्या पत्रात हेच येणार. 'आजोबा 76 चे, फ्रेंच अभ्यासानुसार क्लेम नामंजूर.'

काळा_कोट

टपरीवाले चेष्टेत बोलले, पण धोका खरा आहे. त्या अभ्यासातले लोक कर्करोग नसलेले, आजाराआधी हिंडतेफिरते, खाऊन-पिऊन बरे. आपल्याकडे महिनाभर अंथरुणाला खिळल्यावर, जमीन विकून आणलेल्या रुग्णाला ते आकडे कसे लावणार? आणि उलट बाजूही आहे. मुलगा पुण्याहून येईपर्यंत 'काहीही करा' म्हणत दहा दिवस व्हेंटिलेटर चालवणाऱ्यांनाही ते वाचायला द्यायला हवेत.

हिशोबनीस

म्हणूनच आपल्याकडचे म्हातारे आपल्याच चाचण्यांत हवेत, हे माझं पहिल्यापासूनचं म्हणणं.

निवृत्त_हेडमास्तर

मी एका एथिक्स कमिटीवर सामान्य नागरिक म्हणून बसतो. नियमाने किमान सात सदस्य लागतात, त्यात माझ्यासारखा किमान एक सामान्य माणूस. मंडळी, संशोधन हवं की नको यावर इथे खूप लिहिलं गेलं. माझं भांडण सही कोण मागतो याच्याशी आहे. ज्याच्या हातात वडिलांचं सलाईन, त्यानेच कागद पुढे केला तर मुलगा मोकळेपणाने नाही म्हणूच शकत नाही. विचारणारा माणूस उपचार करणाऱ्यांपैकी नसावा, हे मी प्रत्येक बैठकीत लावून धरतो. 'माणसं कुठून आणू?' हे उत्तरही प्रत्येक बैठकीत ऐकतो.

दुर्बल गटातल्या रुग्णाची संमती कॅमेऱ्यावर नोंदवायची सक्ती आहे, पण ती पूर्णपणे नव्या रेणूच्या औषधाला. जुन्या दोन औषधांची तुलना असेल तर ती सक्ती नाही. वाईकरीणताई, तुमच्या दिराकडे आलेला अभ्यास बहुधा याच दुसऱ्या प्रकारचा असणार.

माझी सूचना एवढीच. दम्याचे, हृदय कमजोर झालेले, डायलिसिसवाले हे रुग्ण ओपीडीत वर्षानुवर्षं येतात आणि त्यातले बरेच कधी ना कधी आयसीयूत जातात. तेव्हाच विचारा त्यांना, चहा पीत, शुद्धीत असताना. 'तुमच्यावर वेळ आली तर अभ्यासात घेतलेलं चालेल का?' आणि उत्तर केसपेपरवर लिहून ठेवा.

वाईकरीण

हेडमास्तर, हे मला चालेल. सासऱ्यांनाच विचारलं असतं तर कदाचित ते हो म्हणाले असते, देहदानाचा फॉर्म भरणारा माणूस तो. पण मग ज्यांना आधी विचारलंच नाही, त्यांना वगळायचं हेही मान्य करा. डॉक्टरांनी याचं उत्तर द्यावं.

भूल_डॉक्टर

नाही करणार मान्य. न्यूमोनिया, पडून मोडलेलं खुब्याचं हाड, विंचू, साप. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्यांनी आदल्या दिवसापर्यंत ओपीडी पाहिलेली नसते. तुमच्या नियमाने अभ्यास उरेल तो शहरातल्या, फाईल सांभाळणाऱ्या आजोबांचा. शेतावरून थेट ट्रॉलीत घालून आणलेल्या म्हातारीला काय द्यायचं, ते पुन्हा आमच्या सरांच्या आवाजावर ठरणार. हेडमास्तरांचा पहिला मुद्दा मात्र घेतला. आमच्याकडे सही मी स्वतःच मागतो. सोशल वर्करला सांगून बघतो.

टपरीवरचा_कटिंग

आणि ती ओपीडीतली चहा पीत घ्यायची संमती? अॅडमिशनच्या काउंटरवर डिपॉझिटच्या पावतीसोबत येईल, 'इथे, इथे आणि इथे सही करा' म्हणत. लिहून ठेवा.