मदत हवी आहे: पक्षाघातानंतर आईला घरी आणायचंय. कॉट, मावशी, बँक, कुठून सुरुवात करू?

निशिगंध_४
आई ७४ वर्षांची, वजन ६८ किलो. पक्षाघाताने उजवी बाजू गेली आहे. आमचं बोललेलं तिला बरंचसं कळतं, पण तिला शब्द सापडत नाहीत. मऊ अन्न तोंडाने घेते, लघवीची नळी आहे. शुक्रवारी डिस्चार्ज. घर नाशिकला, पहिला मजला, लिफ्ट नाही. घरात मी एकटी, नोकरी घरून. भाऊ परदेशात, पैसे पाठवू शकतो.
१) कॉट आणि गादी भाड्याने की विकत?
२) मावशी १२ तासांची की २४ तासांची?
३) पेन्शनचं खातं आईच्या एकटीच्या नावावर आहे आणि सही उजव्या हाताची. आता काय?

उंबरठा
ताई, खरेदीच्या आधी कूस बदलायचं वेळापत्रक ठरवा. एकाच जागी पडून राहिलं की दाबाने कातडीला जखमा होतात, त्यालाच बेडसोअर म्हणतात. बाकी सगळं त्यावर बसतं, मावशीचे तासही.

दिवसा दर दोन तासांनी डावी कूस, पाठ, उजवी कूस. कागदावर वेळा लिहून भिंतीला लावा आणि जो वळवेल त्याने खूण करायची. पूर्ण कुशीवर नको. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवलं की खुब्याच्या हाडावर भार येत नाही. गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि पोटऱ्यांखाली एक अशी की टाचा अधांतरी राहतील. टाचा लोक विसरतात. मधे भोक असलेली रबरी रिंग घेऊ नका, कडेने रक्तपुरवठा दाबला जातो.

कॉट भाड्याने घ्या, दोन हँडलची. एका हँडलने डोकं वर होतं, दुसऱ्याने गुडघे. आधी गुडघे थोडे उचलायचे, मग डोकं. उलट केलंत की पेशंट खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं मांस सरकतं. माकडहाडाजवळच्या जखमांना हे घसरणं मोठं कारण आहे. जेवणाखेरीज डोकं ३० अंशांच्या वर ठेवू नका. एअर मॅट्रेस, म्हणजे पंपाने हवा भरायची गादी, मात्र विकत घ्या, भाड्याची बऱ्याचदा ठिगळ लावलेली असते. ती नेहमीच्या गादीवर पसरायची, पंप पायाकडे टांगायचा, वर एकच सुती चादर सैल.

६८ किलो एकटीने ओढायचे नाहीत, तुमची कंबर जाईल. खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल अशी आडवी चादर कायम अंगाखाली ठेवा आणि दोघींनी दोन बाजूंनी धरून सरकवा. उजवा हात धरून कधीच ओढू नका. त्या खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा निसटतो. काखेत हात घालून उचलणंही त्याच यादीत.

सांगलीकर
वरचं सगळं बरोबर. खाणं आणि नळी यांबद्दल भर घालतो.

भरवताना पूर्ण ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, घास डाव्या गालात. प्रत्येक घासानंतर गिळलं का ते बघा. शेवटी उजव्या गालात बोट फिरवून अडकलेलं अन्न काढा, नंतर अर्धा तास बसतं ठेवा. घट्ट पेजेपेक्षा साधं पाणी जास्त ठसका लावतं. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरीत झाला तर पाणी थांबवा आणि डिस्चार्जच्या आधीच स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. किती घट्ट द्यायचं ते त्या सांगतील.

लघवीची पिशवी कायम ओटीपोटाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. नळी मांडीला चिकटपट्टीने लावा. कूस बदलताना आधी पिशवी त्या बाजूला न्यायची, मग माणूस. चार तास लघवी आली नाही आणि पोट फुगलं तर नळी तुंबली आहे, लगेच नर्सला बोलवा. नळी कधी काढायची ते डिस्चार्ज कागदावर लिहून घ्या, नाहीतर ती विनाकारण राहते आणि संसर्ग होतो.

आणि जिना! अँब्युलन्सवाल्याला आधीच सांगा, उचलायला चार माणसं हवीत. स्ट्रेचर वळणावर फिरत नसेल तर खुर्चीचं बघा.

तिसरी घंटा
मावशीबद्दल. चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी बाई नव्हे. ती रात्री झोपणार, झोपायलाच हवी. रात्री तुम्हीच उठणार असाल तर एकीवर दुप्पट पैसे खर्चू नका. पहिला महिना १२ तासांच्या दोघी ठेवा, भावाचे पैसे इथे लावा. पुढे त्वचा चांगली राहिली आणि डॉक्टर हो म्हणाले की रात्री कूस बदलण्याचं अंतर तीन-चार तासांचं करता येतं, मग एकीवर भागेल.

मावशी पुरवणाऱ्या ब्युरोला फोनवर नाही, कागदावर विचारा: सुट्टीच्या दिवशी बदली कोण, न आल्यास किती तासांत देणार, नोंदणी फी परत मिळते का, पोलीस पडताळणी झाली आहे का. आया आणि नर्स यांत फरक आहे. नळी बदलणं, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग आयाकडून करून घेऊ नका. डिस्चार्जच्या दोन दिवस आधी मावशीला वॉर्डमध्ये बोलवा, तिथल्या सिस्टरसमोर एकदा कूस बदलून दाखवू दे. कोण किती पाण्यात ते तिथेच कळतं.

निशिगंध_४
सगळ्यांचे आभार. आई घरी आली, आज पाचवा दिवस. मॅट्रेस चालू आहे, तरी माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसतोय. मावशी तेल लावून चोळू म्हणते.

उंबरठा
चोळू नका! बोटाने दाबून सोडा. पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे. पांढरं होतच नसेल तर ती बेडसोअरची पहिली पायरी. दोन्ही बाबतीत डाग जाईपर्यंत पाठीवर झोपवणं बंद, फक्त दोन्ही कुशी आलटून पालटून. न पांढरा होणारा डाग, फोड किंवा काळपटपणा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर.

मॅट्रेस असून डाग आला, म्हणजे मॅट्रेसच तपासा. डागाच्या खाली, मॅट्रेस आणि गादीच्या मधे तळहात घाला. फुगलेल्या भागाची इंचभर तरी जाडी लागली पाहिजे. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे, पंपाचा खटका तिच्या वजनापाशी आणा. दगडासारखं कडक लागलं तर हवा जास्त. वर रबर शीट, दुपटं, जाड डायपर अशा थरांची चळत असेल तर मॅट्रेस काहीच करत नाही.

निशिगंध_४
दाबलं की पांढरं होतंय. खाली रबर शीट दुमडून दोन पदरी होती, काढली.

सांगलीकर
बँकेचं राहिलंच की. आजारपणामुळे सही करता न येणाऱ्या खातेदाराचा अंगठा चालतो, तोही शक्य नसेल तर पायाचा अंगठा. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी. डाव्या हाताचा अंगठा घेता येईल. ७० वर्षांवरच्यांना घरपोच बँकिंग देण्याची रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, शाखेत लेखी अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचा दाखला. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये फोनवर चेहरा दाखवून घरूनच करता येतो. मुखत्यारपत्र करायचं तर आईला व्यवहार कळतोय तोवरच, नंतर ते करता येत नाही.

आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेचं पाच लाखांचं वय वंदना कार्ड काढून ठेवा, ७० पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट नाही. ते फक्त योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर चालतं, मावशीचा पगार त्यातून निघत नाही. ज्येष्ठांसाठी सरकारी मदतवाहिनी १४५६७, आणि तुम्हालाच झोप न लागणं, रडू येणं सुरू झालं तर मानसिक आरोग्याची मदतवाहिनी टेलि-मानस १४४१६.

तिसरी घंटा
भावाला काम द्या ताई. ब्युरोशी बोलणं, औषधांची ऑनलाइन ऑर्डर, मावश्यांचे पगार, बँकेचे मेल हे सगळं परदेशातून होतं. आणि रविवारी चार तास बदली मावशीसाठी त्याच्या पैशांतून वेगळे ठेवा.