टोनी बेनेट यांचा शेवटचा अल्बम: व्हायला हवा होता का?

गौरी_पी
अमेरिकन जॅझ गायक टोनी बेनेट आणि पॉप गायिका लेडी गागा यांचा 'लव्ह फॉर सेल' हा अल्बम सध्या सारखा ऐकतेय. सगळी गाणी अमेरिकन गीतकार-संगीतकार कोल पोर्टरची, बहुतेक १९३०-४० च्या दशकांतली, ब्रॉडवेच्या संगीतनाटकांसाठी आणि हॉलिवूडसाठी लिहिलेली. २०२१ मध्ये अल्बम आला तेव्हा बेनेट ९५ वर्षांचे होते. अल्झायमरचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजाराचं, निदान २०१६ मध्येच झालं होतं, म्हणजे २०१८ ते २०२० मधलं हे रेकॉर्डिंग आजारपणातलंच. तरीही मला वाटतं, हा अल्बम व्हायलाच हवा होता. 'सो इन लव्ह' ते एकटे गातात. आवाज खरखरीत झालाय, वरच्या सुरांना जोर लावावा लागतो, पण शब्द कुठे सोडायचा, तालाच्या किंचित मागे कुठे राहायचं, ही समज शाबूत आहे.

सदाशिव७१
नाही पटलं. १९७५ चा जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सबरोबरचा त्यांचा अल्बम काढा. फक्त पियानो आणि आवाज, लपायला जागाच नाही. तेव्हा बेनेट ४८ वर्षांचे होते. इथे मोठा वाद्यवृंद आणि गागाचा दमदार आवाज त्यांना सावरून धरतो. आणि अशा आजारात माणसाची संमती कितपत खरी मानायची? बेनेट यांचा एक मुलगा त्यांचा मॅनेजर, दुसरा अल्बमचा निर्माता. आजाराची बातमी फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झाली आणि त्याच वर्षी अल्बम आला. आजारपणाचीच जाहिरात झाली, हे मला खुपतं.

गौरी_पी
सदाशिवराव, त्यांच्या न्यूरॉलॉजिस्ट गायत्री देवी यांनीच त्यांना गात राहू द्या असं घरच्यांना सांगितलं होतं. ३ ऑगस्ट २०२१ ला, पंच्याण्णवाव्या वाढदिवशी, ते न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये गायले. या माणसाचं आयुष्यच गाण्यात गेलंय. ते थांबवणं ही काळजी कशी?

सदाशिव७१
मैफलीला माझा विरोध नाही. मैफल त्या रात्रीपुरती असते, रेकॉर्ड कायमची राहते. ज्याने हा माणूस पहिल्यांदाच ऐकला, त्याच्या कानात हाच थकलेला आवाज बसणार.

निखिल_डी
माझी तक्रार वेगळीच आहे. अल्बमचं शीर्षकगीत 'लव्ह फॉर सेल' हे रस्त्यावर उभ्या असलेल्या वेश्येचं गाणं. १९३० मध्ये रेडिओवाल्यांनी ते वाजवायला नकार दिला होता. इथे त्याचं झकास स्विंग, म्हणजे नाचऱ्या जॅझ तालाचं, द्वंद्वगीत केलंय! ऐकताना पाय ठेका धरतो, पण त्या बाईचं दुःख कुठेच नाही. याला बेनेट यांचं वय जबाबदार नाही, अरेंजमेंट, म्हणजे ताल-वाद्यांची मांडणी, चुकलीय. दोघांना एकत्र ऐकायचं तर त्यांचा आधीचा, २०१४ चा अल्बम 'चीक टू चीक' घ्या, तिथे गाणी दोघांच्या स्वभावाला जुळतात.

गौरी_पी
निखिल, त्या गाण्याबद्दल मान्य. पण सदाशिवराव, 'जस्ट वन ऑफ दोज थिंग्ज' ऐकलंत का? त्यात गागा नाहीच. संपलेल्या प्रेमाचं गाणं, आणि ते एकदाही रडका सूर लावत नाहीत. मी ४८ वर्षांच्या बेनेटकडून हे ऐकलं असतं तर छान म्हटलं असतं, पण या वयातल्या त्या फाटक्या आवाजामुळे त्यातला निरोप मला खरा वाटतो. एकदा ऐका, मग सांगा त्यांना कोण सावरतंय.