गणपतीत चढलेलं वजन आपोआप उतरतं का?

सड्यावरचा:
विसर्जन झालं की चाकरमानी मुंबईला परततात, काट्यावर उभे राहतात आणि दचकतात: दोन किलो जास्त! मग भात बंद, रात्रीचं जेवण बंद. माझ्या मते याची काही गरज नाही. त्या दोन किलोंत चरबी थोडी आणि पाणी फार. यकृत आणि स्नायू मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर तीनेक ग्रॅम पाणी राहतं. मोदक, करंज्या, भात असे पाच दिवस गेले की हा साठा काठोकाठ भरतो. पापड-लोणच्यातलं मीठ आणखी पाणी धरतं. नेहमीचं जेवण सुरू झालं की आठवड्याभरात हे सगळं जातं. राहिलेल्या चरबीचं लेप्टिन नावाचं संप्रेरक बघून घेतं. चरबी वाढली की तिच्या पेशींतून ते जास्त सुटतं, हायपोथॅलॅमसला, म्हणजे मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागाला, निरोप पोचतो आणि भूक मंदावते.

खाडीकाठ:
पाण्याचं मान्य. लेप्टिनचं नाही. १९९४ साली अमेरिकेतल्या रॉकफेलर विद्यापीठात संशोधक जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला त्याचं जनुक सापडलं, तेव्हा अनेकांना असंच वाटलं होतं. पण स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, तरी भूक हटत नाही. ते खाली आलं की मेंदू लगेच जागा होतो, भूक वाढवतो, ऊर्जेचा खर्च आखडतो. वर गेलं तर तेवढं मनावर घेत नाही. उपासमारीपासून वाचवणारी व्यवस्था आहे ती, पंगतीपासून नव्हे.

आणि सणाचं वजन लोकांनी मोजून पाहिलंय. अमेरिकेत १९५ प्रौढांची सुट्यांच्या मोसमातली वाढ सरासरी ३७० ग्रॅम निघाली, हा अभ्यास २००० साली छापून आला. वाढ लोकांना वाटत होती त्याहून खूपच कमी. पण पुढच्या महिन्यांत ती उतरली नाही, आणि वर्षभराच्या वाढीतला मोठा वाटा तिचाच होता. असे दहा गणपती धरा, म्हणजे साडेतीन किलोंच्या वर.

सड्यावरचा:
सरासरी सगळ्यांना सारखी लागू नसते हो. १९९९ च्या एका प्रयोगात १६ जणांना आठ आठवडे रोज १००० किलोकॅलरी जादा खायला घातल्या. कुणाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही, कुणाची चार किलोंवर गेली. फरक पडला तो व्यायामाने नव्हे, नकळत होणाऱ्या हालचालींनी: उठबस, चुळबूळ, उभं राहणं. म्हणजे जादा आलेलं जाळून टाकणारी शरीरं असतातच की.

खाडीकाठ:
असतात. पण त्यांचं वजन चढलंच कमी. चढलेलं उतरलं, असं त्या प्रयोगातून निघत नाही. तुमचा दावा उतरण्याचा होता.

नारळाचा चव:
दोघंही रक्तातच अडकलात, जरा पानात बघा. उकडीच्या एका मोदकात अंदाजे २० ग्रॅम तांदळाची पिठी, २५ ग्रॅम ओलं खोबरं, १५ ग्रॅम गूळ. दोनशेच्या थोड्या वर किलोकॅलरी झाल्या, वर एक चमचा तूप म्हणजे आणखी ४५. प्रथिनं जेमतेम दोन ग्रॅम. आकार एवढासा, चावायला काही नाही. जठराची भिंत ताणली गेली की व्हेगस नर्व्ह या पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूमार्फत मेंदूला कळतं, पण दोन मोदकांनी ती ताणतेय कुठे?

दुसऱ्याच दिवशी त्याच घरात ऋषीची भाजी शिजते: अळू, लाल माठ, भोपळा, पडवळ, मका, सुरण, तेल जवळजवळ नाही. दोन वाट्यांत पोट तुडुंब आणि ऊर्जा बहुधा एका मोदकाहूनही कमी. ती वर्षातून एकदाच का करतात, हे कोडंच आहे.

भात-वरणाने पोट भरलं तरी गोडाला जागा होते, तेही ठरल्यासारखंच. एका चवीचा कंटाळा त्या चवीपुरता असतो, नवी चव आली की खाणं पुन्हा सुरू. म्हणून क्रम बदला. आधी काळ्या वाटाण्याची उसळ आणि भाजी, मग भात, शेवटी दोन मोदक. प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात उतरले की सीसीके हे पोट भरल्याचं सांगणारं संप्रेरक सुटतं, आणखी खाली पीवायवाय आणि जीएलपी-१ ही तशीच. हे निरोप पोचायला पंधरा-वीस मिनिटं जातात. तिसरा मोदक तेवढा वेळ थांबून मागा. बहुतेक वेळा मागणार नाही.

ओसरी:
थांबू कोण देतंय? पान रिकामं दिसलं की वाढणारी वहिनी हजर. सीसीकेच्या आधी आग्रह पोचतो.

जागरण मात्र सगळे विसरलात. रात्री दोनपर्यंत भजन, पहाटे पूजेची तयारी. २००४ साली १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर लेप्टिन १८ टक्के उतरलं आणि भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्के चढलं. ओढ गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची वाढली. भजन संपल्यावर फराळ येतो तोही नेमका तसलाच.

खाडीकाठ:
बाराच माणसं, दोनच रात्री. दिशा पटते, आकड्यावर भार नको.

ओसरी:
बरं. पण विसर्जनानंतर तीन दिवस नुसत्या पेजेवर राहणारे आहेत, त्यांना सांगा काहीतरी. काटा दीड किलो खाली येतो, ते खूश. गेलं ते ग्लायकोजेन आणि पाणी. चौथ्या दिवशी भात-माशाचं कालवण जेवले की परत. पेजेत प्रथिनं नावालाच, त्यामुळे भूकही टिकून राहते. पेज प्यायचीच तर सोबत भाजलेला बांगडा किंवा कुळथाची पिठी घ्या.

खाडीकाठ:
आणि काट्यापेक्षा टेप धरा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, ही आपल्या लोकांसाठीची मर्यादा. वजन करायचंच तर सकाळी, शौचानंतर, आणि विसर्जनानंतर आठवडाभर थांबून. तेव्हा जे जादा दिसेल ते तुमचं. ३७० ग्रॅम चरबी म्हणजे साधारण २,८०० किलोकॅलरी. महिनाभर रोज शंभर कमी केल्या की फिटली. दोन चहांतली मिळून चार चमचे साखर म्हणजे ८०, उरलेल्या अर्ध्या चमचा तेलात.

सड्यावरचा:
शंभर कमी केल्या तर शरीर भूक वाढवून त्या परत मागेल. व्यवस्था उपासमारीविरुद्ध आहे, हे तुम्हीच म्हणालात.

खाडीकाठ:
मागेल, पण किती? २०१६ च्या एका हिशेबानुसार वजन एक किलो घटलं की भूक दिवसाला सुमारे १०० किलोकॅलरींनी वाढते. ३७० ग्रॅमांना चाळीससुद्धा होत नाहीत.