अवशेष नसणे आणि प्रतिरोधी जिवाणू नसणे

कोळंबीच्या तपासणी अहवालात प्रतिजैविकांचे अवशेष आढळले नाहीत, म्हणजे प्रतिरोधी (औषधाला दाद न देणाऱ्या) जिवाणूंचीही शंका मिटली, असा निष्कर्ष काढला जातो. ते पटण्याजोगे नाही. अवशेष-तपासणीत औषधाचा रेणू शोधतात, तर प्रतिरोध पाहण्यासाठी जिवाणू वाढवून बघावा लागतो. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूसाठी नमुना सेफोटॅक्झिम हे प्रतिजैविक मिसळलेल्या मॅकॉन्की आगरवर (जिवाणू वाढवण्याच्या एका माध्यमावर) पसरतात आणि तिथे उगवलेल्या गुलाबी वसाहती संशयित धरतात. मग शुद्ध केलेला जिवाणू म्यूलर-हिंटन आगर या दुसऱ्या माध्यमावर पसरून औषध लावलेल्या दोन चकत्या ठेवतात, एक नुसत्या सेफोटॅक्झिमची, दुसरी त्यासोबत क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असलेली. दुसरीभोवतीचे वाढरहित वर्तुळ पहिलीपेक्षा किमान ५ मिलिमीटरने मोठे निघाले, तर तो ईएसबीएल, म्हणजे सेफोटॅक्झिमसारखी औषधे मोडणारे आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाने रोखले जाणारे विकर (एन्झाइम), तयार करतो असे ठरते. पीसीआर ही थेट जनुक शोधणारी चाचणी झटपट होते खरी, पण सापडलेले जनुक जिवंत पेशीतले की मेलेल्या, हे साध्या पीसीआरला सांगता येत नाही.

शिवाय दोष दर वेळी कोळंबी वाढवण्याच्या तळ्यातल्या औषधांचाच नसतो. सांडपाणी, बर्फ आणि हाताळणी यांतूनही असे जिवाणू मासळीवर येतात. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतील संशोधकांना बाजारातील ताज्या मासळीत एनडीएम-५ हे प्रतिरोधाचे जनुक बाळगणारा ई. कोलाय सापडला होता, आणि हे जनुक ज्यांना निष्प्रभ करते ती कार्बापेनेम गटातील प्रतिजैविके मुख्यतः रुग्णालयांत वापरली जातात.